थाय सॉसची चव कोथिंबिरीच्या मुळाशी

नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरच्या मोठ्या किराणा दुकानांत आता थाय स्वीट चिली सॉसची बाटली सहज मिळते. लालसर, पारदर्शक, आत मिरचीच्या बिया तरंगताना दिसतात. घरी आणण्यापूर्वी ती उलटी करून मागचा बारीक मजकूर जरूर वाचावा. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, आणि अशा सॉसमध्ये बहुधा साखर आणि पाणी हेच सगळ्यांच्या आधी येतात. मिरची-लसूण त्यांच्यामागे, मग आंबटपणासाठी व्हिनेगर किंवा ॲसेटिक आम्ल, आणि शेवटी रस दाट करणारं स्टार्च नाहीतर गोंद. हा सॉस खोटा आहे असं मुळीच नाही. थायलंडमध्येही तो भाजलेल्या किंवा तळलेल्या कोंबडीबरोबर खातात. पण तिथल्या जेवणात मासा, कोळंबी, भाजलेलं मांस यांच्या शेजारी वाटीत येणारी, डोळ्यांत पाणी आणणारी जी झणझणीत चटणी आहे, ती या बाटलीत नाही. ती ताजी कुटावी लागते. आणि माझं म्हणणं असं, की ती कुटायला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी नाशिककराच्या पिशवीत दर आठवड्याला येतच असतात. त्यांतल्या काही तर आपण निवडताना कचऱ्यात टाकतो.

थाय स्वयंपाकात बुडवून खायच्या पातळ चटण्यांना नाम चिम म्हणतात आणि कुटलेल्या जाडसर चटण्यांना नाम प्रिक. दोन्हींचे प्रकार इतके, की प्रांतागणिक आणि पदार्थागणिक वाटी बदलते. माशांबरोबरची हिरवी नाम चिम, ईशान्येकडच्या इसान भागातली भाजलेल्या तांदळाची कूट घातलेली नाम चिम जेओ, उत्तरेकडे चियांग माई परिसरातली भाजक्या हिरव्या मिरच्यांची नाम प्रिक नुम ही त्यांतली काही ठळक नावं. यांतल्या पातळ चटण्यांत तिखट, आंबट, खारट आणि गोड या चारही चवी एकाच घासात कळल्या पाहिजेत आणि एकीने दुसरीला दाबता कामा नये. नाशिकच्या घरगुती स्वयंपाकघरासाठी मी यांतली पहिली, हिरवी नाम चिम, सगळ्यांत आधी सुचवेन. तिला शिजवावं लागत नाही, तेल लागत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत ती होते.

या हिरव्या चटणीचा जीव कोथिंबिरीच्या मुळात असतो. पानात नाही, देठातही तेवढा नाही. मुळाचा वास पानापेक्षा खोल आणि मातकट असतो, थोडा गाजराच्या कुळाची आठवण देणारा, आणि तो लिंबाच्या रसात विरून जात नाही. कोथिंबिरीचं मूळ, लसूण आणि काळी मिरी एकत्र कुटून केलेलं वाटण हा थाय स्वयंपाकातल्या कितीतरी पदार्थांचा पाया आहे. युरोप-अमेरिकेतल्या पाककृतीकारांना इथेच अडचण येते. त्यांच्या दुकानांत कोथिंबीर मुळं छाटून येते, म्हणून ते वाचकाला देठांवर भागवायला सांगतात. नाशिकला ही अडचणच नाही. इथली कोथिंबीर शेतातून उपटून, मुळांसकट जुडी बांधून बाजारात येते. बाजार समितीच्या पंचवटीतल्या आवारात शेकडा जुड्यांच्या भावाने तिचे लिलाव होतात, इथून ती मुंबईला जाते, आणि तिचा भाव कोसळला किंवा चढला की वर्तमानपत्रात बातमी येते. एवढा मोठा व्यवहार ज्या जुडीचा, तिचं मूळ घरी आल्यावर विळीवर पहिल्याच फटक्यात बाजूला पडतं. निवडताना गावठी कोथिंबीर घ्यावी, रुंद पानांची चायना नको, कारण गावठीला वास जास्त. बोटभर लांबीची पांढरी मुळं निवडून पाण्यात दहा मिनिटं भिजू द्यावीत, मग जुन्या दात घासायच्या ब्रशने माती काढावी. नाशिकची काळी माती मुळांच्या बारीक केसांत चिकटून बसते आणि नुसत्या धारेखाली निघत नाही. केस खुडून टाकावेत, वरचा दोन बोटं देठ राहू द्यावा. एका वेळी लागली नाहीत तर ही मुळं धुऊन, कोरडी करून फ्रीजरमध्ये महिनाभर नीट राहतात.

हीच गोष्ट गवती चहाची. आपण त्याची पानं चहात घालतो आणि खालचा पांढरा, कांद्यासारखा जाड बुडखा झाडालाच ठेवतो. थाय स्वयंपाकात वापरतात तो नेमका हा बुडखा, बारीक चिरून. वनस्पती तीच आहे. लिंबाचंही तसंच. आपलं पातळ सालीचं कागदी लिंबू आणि थायलंडमधलं लिंबू एकाच जातीचं, त्यामुळे परदेशी पुस्तकातली 'पिवळं मोठं लिंबू वापरू नका' ही सूचना आपल्याला लागू होत नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या साई सरबती जातीची लिंबं मिळाली तर रस भरपूर निघतो. मिरची मात्र विचार करून घ्यावी. थायलंडची बारीक, उभी वाढणारी मिरची आपल्याकडे सहज मिळत नाही; तिच्या जवळची म्हणजे लवंगी. भजीची जाड मिरची इथे कामाची नाही, कारण तिच्यात पाणी जास्त आणि तिखटपणा कमी. लसूण गावठी, बारीक पाकळ्यांचा, आणि गोडीसाठी तिथल्या ताडाच्या किंवा नारळाच्या गुळाऐवजी आपला कोल्हापुरी गूळ. गुळाला स्वतःची चव असते, ती चटणीला साजते. पांढरी साखर नुसती गोड करते.

नाशिकच्या वाचकाच्या मनात इथे द्राक्षं येणं साहजिक आहे. आंबटपणासाठी विरळणीत काढलेली कच्ची द्राक्षं का वापरू नयेत, असा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर नकाराचं आहे. त्या वेळी घडांवर संजीवकं आणि औषधं पडलेली असतात. ती खाण्यासाठी काढलेली फळं नव्हेत. लिंबू आहे ते पुरे.

आता कुटण्याविषयी. नाशिक पितळी आणि तांब्याच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं, आणि जुन्या घरांत पितळी खलबत्ता हमखास असतो. तो या कामाला घेऊ नये. लिंबाचा रस आणि मीठ पितळेत पडलं की ते कळकतं, चव बिघडते आणि पोटालाही ते बरं नाही. दगडी खल हवा, जरा खोल, आणि आतून खरखरीत. गुळगुळीत झाला असेल तर पाट्याला लावतात तशी टाकी लावून घ्यावी. थायलंडमध्येही चोनबुरी प्रांतातल्या आंग सिला गावचे दगडी खल प्रसिद्ध आहेत. चार-पाच माणसांच्या चटणीला पाच-सहा मुळं, सात-आठ पाकळ्या लसूण, आठ ते दहा लवंगी मिरच्या, पाव चमचा जाड मीठ, दीड मोठा चमचा किसलेला गूळ आणि तीन मोठे चमचे लिंबाचा रस लागतो. फिश सॉस घेत असाल तर तो दोन ते अडीच मोठे चमचे. आधी मुळं आणि मीठ. मीठ इथे चवीपुरतं नाही. त्याचे खडे मुळांचे चिवट धागे तोडतात. मुळं कापसासारखी मऊ झाल्यावर लसूण, आणि तो चेचला गेल्यावर मिरच्या. मिरची टाकल्यापासून खलाच्या तोंडावर डावा हात आडवा धरावा, कारण एक थेंब डोळ्यांत गेला तर सगळं काम थांबतं. मिरचीचं सालपट डोळ्यांना दिसेल एवढं शिल्लक असतानाच थांबावं, गूळ घालून बत्त्याने नुसता विरघळवावा, मग लिंबू आणि फिश सॉस. शेवटी कोथिंबिरीचे कोवळे देठ बारीक चिरून वरून घालावेत.

मिक्सर का नको, असा प्रश्न येणारच, आणि घाईच्या संसारात तो रास्त आहे. कारण साधं आहे. एवढासा ऐवज पात्यांखाली फिरत नाही, म्हणून पाणी घालावं लागतं, आणि पाणी घातलं की चारही चवी फिक्या होतात. शिवाय पातं सगळं सारखं कापतं आणि त्यात हवा भरतं. चटणी फिकट, फेसाळ होते आणि कोथिंबीर कडवट लागते. बत्ता मात्र चेचतो: काही भाग पेस्ट होतो, काही तुकडे राहतात, आणि घासागणिक मिरचीचा किंवा लसणाचा एखादा तुकडा दाताखाली येतो. पन्नास माणसांसाठी करायची असेल तर मिक्सर वापरावा, लिंबाच्या रसातच फिरवावा आणि मुळं तरी आधी हाताने कुटून घ्यावीत. चार माणसांसाठी खल लवकर होतो, आणि धुवायलाही सोपा.

प्रमाण लिहून दिलं तरी ते अंतिम नसतं, कारण लिंबू, मिरची आणि गूळ दर वेळी वेगळे असतात. चाखायची रीत मात्र शिकता येते. चटणी नुसती चाखू नये. ती ज्याच्याबरोबर खायची त्याचा तुकडा बुडवून चाखावी. नुसती खाल्ली तर ती असह्य वाटली पाहिजे, बुडवून खाल्ली तर बरोबर. पहिल्यांदा आंबट जाणवावं, लगेच खारट, मग गोड, आणि तिखट हळूहळू वर चढावं. फार तिखट झाली तर पाणी घालून काही साधत नाही. मिरचीतला जाळ कॅप्सेसिन या द्रव्याचा, आणि ते पाण्यात विरघळत नाही. त्यावर गूळ आणि लिंबू वाढवणं हा खरा उपाय, कारण गोड आणि आंबट चव जिभेवर तिखटाची धार कमी करतात. कॅप्सेसिन जास्त असतं ते बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात. म्हणून कमी तिखट हवी असेल तर मिरच्या उभ्या चिरून तो गाभा खरवडून काढावा, नुसत्या बिया झटकून फरक पडत नाही. हे द्रव्य जिभेवर उष्णता ओळखणाऱ्याच चेतातंतूंना जागं करतं, म्हणून तोंड खरोखर भाजल्यासारखं वाटतं. त्या संवेदनेमागचा ग्राही १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत ओळखला गेला, आणि या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत मिळालं. जेवताना तोंड फारच पोळलं तर ताक किंवा दूध घ्यावं. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला जिभेवरून ओढून नेतं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप फिश सॉसचा आहे. बारीक मासे मिठात वर्षभर आणि त्याहूनही जास्त मुरवून जो रस निथळतो, तो थाय स्वयंपाकाचं मीठ आहे. त्याच्याशिवायच्या चटणीला थाय म्हणायचं का? आक्षेपात तथ्य आहे. त्या रसात मिठाखेरीज मुरलेल्या मांसरसाची जी खोल चव असते, ती नुसत्या मिठाने येत नाही. मांसाहारी घराला माझं सांगणं, फिश सॉसची एक छोटी बाटली आणावी. मिठामुळे ती उघडल्यावरही महिनोन्‌महिने टिकते. किंवा आपल्याच बाजारातली सुकट घ्यावी, तव्यावर खमंग भाजावी आणि मुळांबरोबर कुटावी. थाय लोकही सुक्या कोळंबीची चटणी अशीच करतात, त्यामुळे ही काही ओढूनताणून केलेली सोय नाही. शाकाहारी घरात फिकट सोया सॉस दोन मोठे चमचे आणि वर चिमूटभर मीठ. सोयाही मुरवलेलाच असतो, म्हणून ती खोली बऱ्यापैकी सापडते. थायलंडमध्ये शाकाहार पाळणारे लोक आहेत, फुकेतचा शाकाहाराचा उत्सव जगप्रसिद्ध आहे, आणि त्यांच्या स्वयंपाकात माशाच्या रसाची जागा सोयाच घेतो.

आणि 'अस्सल' या कसोटीलाच इतिहासाचं भान हवं. मिरची थायलंडची नाही, तशी आपलीही नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, पुढच्याच वर्षी मलाक्का घेतलं आणि त्याच १५११ मध्ये त्यांचा दूत सयामच्या राजधानीत, अयुथ्येला पोचला. ज्या जहाजी मार्गाने मिरची कोकण-दख्खनात उतरली, त्याच मार्गाने ती पुढे सयामला गेली असावी. फ्रान्सच्या राजाचा दूत सिमों द ला लूबेर १६८७ साली सयाममध्ये होता, आणि त्याचं पुस्तक १६९१ मध्ये निघालं. तिथल्या लोकांच्या चटण्यांविषयी त्याने जे लिहिलं, त्यात पाणी, मसाला, लसूण, पातीचा कांदा, सुवासिक पाला आणि 'कापी' हे कुजवलेल्या कोळंबीसारख्या जिवाचं खारट वाटण येतं. म्हणजे साचा आधीच तयार होता: सुगंधी पाला, लसूण, मुरवलेला खारटपणा. मिरची त्या साच्यात येऊन बसली आणि घरची झाली. बाहेरून आलेल्या पदार्थाला ज्यांनी इतक्या सहज आपलंसं केलं, त्यांची चटणी आपण कोल्हापुरी गुळाने गोड केली तर तिचा अपमान होत नाही. अट एकच, चारही चवी सांभाळल्या पाहिजेत.

दुसरा आक्षेप नाशिककर हमखास घेईल: आमचा ठेचा काय कमी आहे? कमी काहीच नाही, पण काम वेगळं आहे. कळवण-बागलाणपासून खानदेशापर्यंतचा ठेचा भाकरीबरोबर खायचा. मिरची-लसूण तेलावर परतून किंवा भाजून, दाण्यांबरोबर जाडसर ठेचलेला, आणि लिंबू असलंच तर वरून चार थेंब. त्यातलं तेल आणि दाणे भूक भागवतात. नाम चिम तेलाशिवायची आणि आंबट असते, म्हणून ती तेलकट किंवा भाजलेल्या पदार्थाचा जडपणा कापते. ठेचा जिथे घास भरतो, तिथे ही चटणी घास हलका करते. मात्र नाम प्रिक नुम हे ठेच्याचं सख्खं भावंड आहे यात शंका नाही. लांब हिरव्या मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजायचे, साल काढून मिठाबरोबर कुटायचे, आणि चिकट भात, उकडलेल्या भाज्या यांच्याबरोबर खायचे. चुलीवर वांगं भाजणाऱ्या घराला ही कृती शिकवावी लागणार नाही.

नाशिक जिल्ह्याला इसानची नाम चिम जेओही जवळची वाटेल, कारण तिच्यात तांदूळ आहे आणि आपल्याकडे इगतपुरीचा इंद्रायणी आहे. दोन मोठे चमचे कोरडे तांदूळ मंद आचेवर दहा-बारा मिनिटं सतत हलवत भाजायचे, रंग बदामी आणि वास खमंग आला की निवू देऊन रव्यापेक्षा किंचित बारीक कुटायचे. इसानमध्ये चिकट तांदूळ घेतात; इंद्रायणी तेवढा चिकट नसला तरी भाजल्यावर वास छान येतो. चिंचेचा दाट कोळ, गूळ, फिश सॉस किंवा सोया, भाजून भरडलेली सुकी लाल मिरची, बारीक चिरलेला कांदा आणि पात हे सगळं कालवायचं, आणि तांदळाची कूट पानात वाढतानाच घालायची. आधी घातली तर ती फुगते आणि खमंग कुरकुरीतपणा जातो. भाजलेलं पनीर, निखाऱ्यावरचं मक्याचं कणीस, भाजलेली कोंबडी यांबरोबर ही लाल चटणी हिरवीपेक्षा जास्त खुलते. हिरवी चटणी मासे, उकडलेली अंडी, काकडी आणि कैरीच्या फोडींबरोबर.

बाटलीच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: ती टिकते. साखर आणि आम्ल यांच्यामुळे ती महिनोन्‌महिने बिघडत नाही, आणि मुलांच्या भज्यांबरोबर तेवढंच गोडसर काही हवं असेल तर ती ठेवायला हरकत नाही. ताजी नाम चिम टिकवण्यासाठी नाही. कापलेल्या लिंबाचा वास काही तासांतच उतरतो, लसूण उग्र होत जातो. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन दिवस ही तिची मर्यादा. जास्त टिकावी म्हणून तिच्यावर तेल ओतून बाहेर ठेवण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा. तेलाखाली हवा न लागता राहिलेल्या कच्च्या लसणात बोट्युलिझमचे जीवाणू वाढू शकतात आणि त्यांचं विष जीवघेणं असतं. मिठाचा इशाराही द्यायला हवा. फिश सॉसच्या एका मोठ्या चमच्यात तीन ग्रॅमहून जास्त मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. त्यामुळे रक्तदाबाच्या माणसाने ही चटणी बेताने, टोक बुडवून खावी, भातावर ओतून घेऊ नये. आम्लपित्त किंवा मूळव्याधीचा त्रास असणाऱ्यांनी गाभा काढलेल्या मिरच्यांची करावी, आणि त्रास वाढला तर सोडावी.

खर्चाचा हिशेब मांडायची फार गरज नाही. फिश सॉस किंवा सोयाची बाटली एकदाच आणायची, बाकी लिंबू, लसूण, मिरची, गूळ घरात असतात, आणि मुळं तर भाजीबरोबर फुकट येतात. बुधवारच्या गोदाकाठच्या बाजारात किंवा भद्रकालीत कोथिंबीर घेताना भाजीवाल्या मावशींना मुळं खुडू नका एवढं सांगा. पहिल्यांदा करताना मिरच्या चारच घ्या, मुळं मात्र पाच-सहा असू द्या, आणि लिंबू सगळ्यात शेवटी पिळा.